रक्तपिशाचाची रुजवात

मगदूम आण्णा झेरॉक्सच्या दुकानात शिरले की मागची रांग आपोआप दुसऱ्या दुकानाकडे सरकायची. रेशनकार्डाची एकच प्रत काढायची असायची, पण मूळ कार्ड डाव्या हातात, प्रत उजव्या हातात धरून आण्णा ओळीओळीनं खात्री करायचे. दुकानदार वैतागून म्हणायचा, "आण्णा, मशीन हाय ते. ते कशाला चुकंल?" आण्णा मान वर न करता सांगायचे, "मशीन चुकत न्हाय. मशीनवर कागद ठेवणारा चुकतो." एकदा खरोखरच कार्डाचा कोपरा दुमडला गेला आणि प्रतीत एक नाव कमी आलं. ते नाव आक्कांचं होतं, म्हणजे त्यांच्या बायकोचं. तेव्हापासून दुकानदार गप्प बसायला शिकला.

राजारामपुरीतल्या आमच्या अपार्टमेंटमध्ये आमचं आणि त्यांचं दार समोरासमोर. आण्णा मूळचे शिरोळकडचे. कोर्टाच्या नक्कल विभागात त्यांची सगळी नोकरी गेली. दाव्याच्या कागदांच्या नकला तयार झाल्या की त्या मुळाशी ताडून बघायच्या आणि खाली सही करायची, हे त्यांचं काम. या ताडून बघण्याला कचेरीत रुजवात म्हणतात. एकानं मूळ मोठ्यानं वाचायचं आणि दुसऱ्यानं नकलेवर बोट ठेवून ऐकायचं. "वाचणारा वेगळा, बघणारा वेगळा," आण्णा सांगत. "एकच माणूस दोन्ही करायला लागला की डोळा आपल्याला पायजे तेच बघतो."

निवृत्त झाल्यावर कागद संपले, संशय तेवढा उरला. माझ्या आईनं बाजारातून काही बातमी आणली की आण्णांचा ठरलेला प्रश्न यायचा, "मूळ कुठाय? तुम्हाला कुणी सांगितलं? त्याला कुणी सांगितलं?" आई बिचारी तिसऱ्या माणसापर्यंत पोचेपर्यंत बातमीचा जीव गेलेला असायचा. लग्नाच्या दोन पत्रिका आल्या तर ते दोन्ही पत्रिका शेजारी ठेवून वाचत. मला ते त्या काळात सरळ सरळ त्रासदायक गृहस्थ वाटत, हे कबूल करते.

मी सकाळी एका क्लासमध्ये इंग्रजी शिकवते. दुपारी मोकळी असते. एका दुपारी गॅलरीत उभी राहून मैत्रिणीशी फोनवर भांडत होते. विषय आमच्या दोघींच्या जिव्हाळ्याचा होता. एक मांगा आहे, म्हणजे जपानी चित्रकथा, चौदा खंडांची. नायक रक्तपिशाच. तिच्यावरून दोन अ‍ॅनिमे, म्हणजे हलत्या चित्रांच्या मालिका, निघाल्या, एक जुनी, एक अलीकडची. मैत्रीण म्हणत होती जुनीच भारी, मी म्हणत होते नवीच खरी. फोन ठेवला तर आण्णा दारात उभे.

"मूळ कुठाय?" त्यांनी विचारलं.

"घरात हाय की. चौदाच्या चौदा."

"मग दोघी भांडताय कशाला? रुजवात घ्या."

मला वाटलं, म्हातारा चेष्टा करतोय. दुसऱ्या दिवशी चारच्या ठोक्याला त्यांनी बेल वाजवली. हातात रेघांची वही आणि लाल पेन्सिल होती. या माणसाला रक्तपिशाचात एवढा रस कुठून आला, याचा मला लगेच संशय आला. आईला तर दोघांचाही आला.

बैठक त्यांच्या हॉलमध्ये बसायची. मी मांगा घेऊन एका बाजूला, आण्णा लॅपटॉप घेऊन समोर. खिडकीपाशी दिवाणावर आक्का पडून असायच्या. लॅपटॉपची पाठ त्यांच्याकडे असल्यामुळे पडदा त्यांना दिसत नसे. मी पुस्तकातलं इंग्रजी मराठीत करून वाचायचे. आण्णा चित्र थांबवून खालच्या इंग्रजी ओळी कोर्टातल्या सवयीनं सावकाश लावायचे. वाचायला सुरुवात झाली की आण्णा मला 'तुम्ही' म्हणत. रुजवातीला बसलेल्या माणसाला मान द्यायचा असतो. वही मिटली की मी पुन्हा 'तू'.

पहिल्याच दिवशी त्यांनी मला गार केलं. पुस्तक उजवीकडून उघडतं हे बघून ते म्हणाले, "ह्यात कायतरी गडबड हाय." जपानी पुस्तकं अशीच उलटी वाचतात, हे मी समजावलं. मग म्हणाले, "मूळ जपानीत. म्हंजे तुमचं हे इंग्रजी पुस्तकबी नक्कलच की." त्यांनी वहीच्या पहिल्या ओळीत लिहिलं: मूळ उपलब्ध नाही, उपलब्ध नकलेवरून. मग त्यांनी लॅपटॉपचा आवाज बंद केला.

"आवाज कशाला बंद केला?"

"मुळात आवाज न्हाय. आणि हा लाल रंग कुठनं आणला? मूळ काळं-पांढरं हाय. रंग कुणाच्या सांगण्यावरनं भरला?"

त्यामुळे आक्कांच्या कानावर यायचा तो फक्त माझा आवाज.

गोष्ट साधी आहे. एक रक्तपिशाच आहे, तीनशे वर्षांचा. कुणी 'या' म्हटल्याशिवाय त्याला कुणाच्या उंबऱ्याच्या आत पाऊल टाकता येत नाही. म्हणून आण्णा त्याला पहिल्या दिवसापासून 'पावणं' म्हणू लागले. दिव्यांचं दुकान चालवणारी एक बाई त्याला पावसात उभा बघून 'या' म्हणते आणि तो तिथंच राहतो. बाई म्हातारी होत जाते, पावणं तसेच राहतात. पुढे ती आजारी पडते. तिला चावलं तर ती त्याच्यासारखी होईल आणि मरणार नाही. पण तिच्या परवानगीशिवाय त्याला ते करायचं नसतं.

जुन्या मालिकेचं काम मूळ कथा अर्धी असतानाच निघालं होतं, त्यामुळे सहाव्या खंडानंतर तिनं आपला रस्ता धरला. हे कळल्यावर आण्णांनी पेन्सिल खाली ठेवली. "मूळ पुरं व्हायच्या आधी नक्कल दिली? कुणाच्या सहीनं? ही नक्कल न्हवं, ही दुसरीच फिर्याद हाय." तिथेच त्यांनी जुनी मालिका बंद केली आणि आम्ही नवी घेतली. ती चित्रागणिक जुळत गेली. मला वाटलं ते खूश होतील, तर त्यांचा संशय वाढला. "लई जुळतंय. एवढं जुळवणारा भिऊन काम करतो. भ्यालेला माणूस कुठंतरी गाळतोच." फरक सापडला की ते 'थांबा' म्हणायचे आणि तीनच शब्दांत नोंद व्हायची: गाळलं, घातलं, बदललं. जुळलं की नुसतं 'हं'. त्या आठ महिन्यांत मी हजारदा तरी ते 'हं' ऐकलं असेल.

त्यांना या गोष्टीत रस का होता, हे मला तिसऱ्या महिन्यात कळलं. आक्कांचं शरीर रक्त तयार करत नव्हतं. महिन्यातून एकदा दवाखान्यात जाऊन रक्ताची पिशवी चढवावी लागायची. त्या महिन्यात रिक्षा मिळेना म्हणून मी त्यांना गाडीतून नेलं. आक्का मागच्या सीटवरून म्हणाल्या, "मलाबी दुसऱ्याचं रक्त लागतंय. मी काय कुणाला चावतो व्हय गं? तुझ्या पावण्याला कायतरी सोय करून दे की तिकडं."

दवाखान्यात आण्णांनी पिशवीवरच्या चिठ्ठीवर बोट ठेवलं आणि सिस्टरला म्हणाले, "फॉर्म मोठ्यानं वाचा." आता भांडण होणार असं मला वाटलं. सिस्टर शांतपणे म्हणाली, "आजोबा, आम्ही पण दोघी मिळूनच तपासतो. एकटीनं चढवायचंच नाही, असा नियम आहे." तिनं दुसरीला हाक मारली. एकीनं वाचलं, दुसरीनं पिशवीवर बोट फिरवलं. आण्णा बाजूला झाले आणि म्हणाले, "हं." परत येताना ते मला म्हणाले, "कोर्टानंतर ही एकच कचेरी नीट चाललीय."

पुढे महिन्याचे पंधरा दिवस झाले आणि पंधराचे दहा. डॉक्टर आण्णांशी दाराबाहेर बोलायचे. आक्का मात्र गोष्टीत पुरत्या गुंतल्या होत्या. तेरावा खंड संपला त्या दिवशी त्यांनी मला थांबवलं. "ती हो म्हनती का गं शेवटी? म्हनायला पायजे. त्यो एकटा काय करंल? त्याला साधा चहा करता येत न्हाय." रक्तपिशाच चहा पीत नाही, हे मी त्यांना सांगितलं नाही. आण्णा वहीत डोकं घालून बसले होते.

चौदाव्या खंडात ती बाई 'नको' म्हणते आणि मरते. मला ते पान तोंडपाठ होतं. त्या आठवड्यात मी आण्णांना टाळलं, डोकं दुखतंय असं सांगितलं. कारण हा माणूस एका अक्षराची गय करणार नाही, बायको समोर असली तरी करणार नाही, अशी माझी खात्री होती. शेवटी त्यांनीच बेल वाजवली. "रुजवात अर्धी ठेवत न्हाईत," एवढंच म्हणाले.

मी वाचायला लागले. आण्णांच्या चष्म्यात पडद्याचा उजेड पडला होता. पावणं बाईच्या उशाशी बसतात, विचारतात, मी काय करू. पानावर लिहिलं होतं, 'नको. मला माझं मरण असू दे.' मी वाचलं, "ती म्हणाली, हो."

आता 'थांबा' येणार म्हणून मी मान खाली घातली. समोरच्या पडद्यावर त्या क्षणी तिचा हात अंथरुणावरून खाली घसरत होता, हे मला न बघता माहीत होतं. आण्णांचं बोट पडद्यावर होतं. त्यांनी चष्म्यावरून एकदा माझ्याकडे बघितलं.

"बरोबर हाय," ते म्हणाले. "पुढं वाचा."

मी जुन्या मालिकेचा शेवट आठवून दोघांनाही बर्फातून हातात हात घालून लांब नेलं. आण्णांनी वहीत लिहिलं, 'फरक: निरंक', आणि खाली पूर्ण सही केली. त्या सहीकडे बघताना मला रडू आलं, आणि ते लपवायला मी पाणी प्यायला आत गेले.

दोन दिवसांनी आण्णा औषधं आणायला गेले असताना आक्कांनी मला हाक मारली.

"ती मेली न्हवं?"

मी त्यांच्या अंगावरची चादर सारखी करायला लागले.

"अगं, पंचेचाळीस वर्सं संसार केलाय मी. खरं असलं की ह्ये नुसतं हं म्हनत्यात. मागल्या आठवड्यात डॉक्टर काय म्हनाले इचारलं, तर म्हनाले, बरोबर हाय सगळं. तवाच मला कळलं. आणि त्या दिवशी तुला म्हनाले, बरोबर हाय." त्यांना धाप लागली. थोडं थांबून म्हणाल्या, "आता त्या पावण्याचं काय झालं ते खरं सांग."

मी पुस्तक आणलं आणि शेवटची पानं जशीच्या तशी वाचली. दुसऱ्या दिवशी संध्याकाळी पावणं दुकान उघडतात. एकेक दिवा पुसून लावतात. दारात एक गिऱ्हाईक घुटमळतं, तेव्हा ज्याला आयुष्यभर दुसऱ्यांच्या बोलावण्याची वाट बघावी लागली तो आतून म्हणतो, 'या, आत या.' तिथे गोष्ट संपते.

"म्हंजे दुकान बंद केलं न्हाय त्यानं."

"न्हाय."

"माणसं येत ऱ्हायली."

"व्हय आक्का."

मग आक्का म्हणाल्या, "एवढं चांगलं सोडून त्यास्नी बर्फात कशाला हिंडवलंस? म्हातारीचं पाय किती गारठलं असतील." आणि माझा हात धरून म्हणाल्या, "मला कळलंय हे ह्यांना सांगू नगंस. जन्मात दोनदाच खोटं बोललेत, दोन्ही माझ्यासाठी."

मी शब्द दिला. आक्कांना धीर द्यायला म्हणून मी नेमकं धीराचं पान गाळलं होतं. ही चूक मला आजही खुपते.

पुढे दोन महिन्यांनी आक्का गेल्या. तेरावा झाल्यावर आण्णांचं दार दुपारी चारला उघडं दिसायला लागलं. अपार्टमेंटमधली माणसं आधी चौकशीला म्हणून गेली, मग खरेदीखतं, दाखले, मुलांचे फॉर्म घेऊन जायला लागली. कुणी उंबऱ्यापाशी घुटमळलं की आतून आवाज यायचा, "या पावणं, आत या." हे कुठून आलं ते मला माहीत होतं. पडद्यावर तो शेवट त्यांनीही बघितला होता. मी मूळ वाचायला जाऊन बसायचे आणि आण्णा नकलेवर बोट ठेवायचे.

गेल्या वर्षी त्यांना दिसायला कमी यायला लागलं आणि त्यांचा पुण्यातला मुलगा त्यांना तिकडे घेऊन गेला. निघायच्या सकाळी सामान गाडीत चढल्यावर त्यांनी ती रेघांची वही माझ्या हातात दिली. मी पाया पडले. ते गाडीच्या दाराला धरून थोडे थांबले.

"प्राजू, त्या शेवटच्या भागाचं... आक्काला कायबी कळलं न्हाय न्हवं?"

"न्हाय आण्णा. शेवटपर्यंत न्हाय."

त्यांनी चष्म्यावरून माझ्याकडे बघितलं, तसंच, त्या दिवशीसारखं.

"बरोबर हाय," ते म्हणाले आणि गाडीत बसले.