व्हरांड्यातली सतरंजी

मी रत्नमालाअक्कांना खोली दिली नाही. कॉम्प्युटर विभागाचा प्रमुख मी, प्रयोगशाळेची चावी माझ्याच खिशात, आणि दुपारनंतर ती खोली रिकामी पडलेली असायची. तरीही दिली नाही. गेल्या महिन्यात अक्का गेल्याची बातमी विद्यापीठाच्या ग्रुपवर आली आणि ज्यांनी त्यांना कधी नीट खुर्ची दिली नाही, त्या सगळ्यांनी भराभर जोडलेल्या हातांची चित्रं पाठवली. मीही पाठवलं. एका बोटाचं तर काम…

अक्का खटकचिंचोळी गावच्या. कलबुर्गीला आमच्याकडे समाजशास्त्र शिकवायच्या. फोन आणि कॉम्प्युटरनं माणसांच्या जगण्याचं काय केलं, हे सगळ्या विभागांच्या मुलांनी एकत्र बसून शिकावं, एवढीच त्यांची मागणी होती. याच विषयावर आम्ही दरवर्षी परिसंवाद घ्यायचो. प्रत्येक विभागप्रमुख आपलं जुनंच भाषण वाचायचा, दुसऱ्याचं सुरू झालं की फोन काढायचा. जेवणाच्या ताटावर मात्र आमच्या सगळ्या विद्याशाखा एक व्हायच्या.

अशा वर्गासाठी अक्का खोली मागायला आल्या तेव्हा मी चार जणांसमोर म्हणालो, "अक्का, समाजशास्त्राला माऊस कशाला? आणि आत चपला चालत नाहीत, धूळ येते."

"चपला काढतील की पोरं. माणसं तर आत येऊ देशील का न्हाई, शिवा?"

सगळे हसले. मीही हसलो.

मग त्यांनी गावाकडून सतरंजी आणली आणि माझ्याच व्हरांड्यात अंथरली. त्यांचा नियम एकच होता: आपल्या विषयाचं बोलायचं नाही. कॉम्प्युटरवाल्यानं माणसांचं सांगायचं, कायद्याच्या आणि मराठीच्या मुलांनी मशीनचं. एकदा मी खिडकीआडून ऐकत होतो. आमचा एक हुशार मुलगा अक्कांच्या गावात फिरून, तिथल्या एका बाईला ॲप दाखवून आला होता. सरकारी अर्जाचं ॲप अगदी सोपं आहे, असं तो सांगत होता.

"तुला सोपं रे राजा," अक्का म्हणाल्या. "त्या बाईच्या घरात फोन एकच. तो नवऱ्यापाशी, नवरा कोळारच्या कारखान्यात, आन फोन गेटवर जमा. ओटीपी कोण सांगायलाय तिला, वॉचमन?"

मुलं खदखदून हसली. तो मुलगा पुन्हा त्या गावी गेला. ॲप शिकवण्यात माझी उमर गेली, पण हा प्रश्न मला कधी पडला नव्हता. त्याचाच राग आला असावा. दुसऱ्या दिवशी मी पाटी लावली: व्हरांड्यात बसू नये. अक्कांनी सतरंजी गुंडाळली आणि वर्ग सायकल स्टँडवर नेला.

एवढ्यावर माझा हलकटपणा थांबला नाही. तपासणी समिती आली तेव्हा त्याच वर्गाचा फोटो मी माझ्या विभागाचा आंतरविद्याशाखीय उपक्रम म्हणून भिंतीवर लावला. अक्का त्यापुढं येऊन उभ्या राहिल्या.

"फोटोत बरी दिसायलीय सतरंजी," एवढंच बोलून गेल्या.

परवा खटकचिंचोळीला गेलो. अक्कांच्या धाकट्या भावानं दार उघडलं.

"कामून आलाव, सर?"

"माफी मागायला."

त्यांनी कोपऱ्यातली सतरंजी उचलून माझ्या हातात दिली. "मला कामून मागायलाव? ज्या पोरांना उठिवलाव, त्यांना मागा."

सोमवारी पाटी काढली. सतरंजी प्रयोगशाळेत मधोमध अंथरली आणि अक्कांच्या वर्गातल्या मुलांसाठी सगळ्या विभागांत निरोप धाडला. मुलं आली, सवयीनं दारातच चपला काढू लागली.

"असू द्या चपला, आत या," मी म्हणालो. "ही खोली मी अक्कांना दिली नाही. तुम्हाला व्हरांड्यातूनही उठवलं. मला माफ करा."