आतोबांचा हात

आमच्या आतोबांइतका बोलका माणूस मी दुसरा पाहिला नाही, आणि दिवसाकाठी त्यांच्या तोंडून दहा शब्द ऐकल्याचंही मला आठवत नाही. बोलायचं ते बोटांनी. उभा जन्म रेल्वेत तारमास्तरकी करून ते कोल्हारला घरी आले, पण बोटं काही पेन्शनीत निघाली नाहीत. आमटी हवी असली की वाटीवर नखाने टकटक, दार उघडायला हवं असलं की कडीवर वेगळी टकटक. "बाकीच्यांचे नवरे 'अगं' तरी म्हनत्यात," आत्या सांगायची, "माझ्या नशिबी ह्यो सुतारपक्षी!" आणि पदराआड हसायची.

हौशी लोकांना मिळणारा, रेडिओवरून तारेच्या टकटकीत बोलायचा परवाना त्यांनी काढला होता. लिंबाच्या शेंड्यापासून घराच्या धाब्यापर्यंत तार ताणलेली, आणि बॅटरी भरून आणायला नगरची मोटार. एकदा शेजारणीने त्या तारेवर ओलं लुगडं वाळत घातलं आणि रंगून ऐकू येईना. रंगूनला भाताच्या गिरणीतला एक कारकून असाच हौशी होता. दोघांनी एकमेकांचं तोंड कधी पाहिलं नव्हतं, पण रोज संध्याकाळी पाचला भेट ठरलेली. अक्षरासारखाच प्रत्येकाचा वाजवायचा हातही वेगळा असतो म्हणे. रंगूनकर शेवटच्या अक्षराआधी जरासा थांबायचा, उंबऱ्यावर वहाणा काढल्यासारखा. आतोबांचा हात म्हणजे मोत्यांची ओळ, आणि त्याचा त्यांना भलता अभिमान.

मी तेव्हा नगरला मुलींच्या शाळेत शिकवत होते. रविवारी जाऊन त्यांच्याकडे ही टकटक शिकले, आणि मास्तरणीच्या जातीला साजेशी लगेच शेफारले. भराभर वाजवू लागले, तसं आतोबांनी माझ्या मनगटावर बोट ठेवलं. "समोरच्याला झेपंल तेवढंच वाजवावं. पुढं पळालीस तर एकटीच ऱ्हाशील."

मग युद्ध आलं. सरकारने सगळ्या हौशींचे संच काढून घेतले. फौजदाराने टकटक वाजवायचा पितळी खटका हातात घेऊन विचारलं, "हे काय?" आत्या बेधडक म्हणाली, "सुपारी फोडायचा हाय त्यो, सायेब." फौजदार तो ठेवून गेला. त्या खोटेपणावर आतोबांनी पुढची वर्षं काढली. कशालाच न जोडलेला तो खटका ते रोज पाचला वाजवत बसत. रंगूनवर बॉम्ब पडल्याची बातमी आली. धाडलेली पत्रं परत आली. आतोबांनी तरी पाचची वेळ चुकवली नाही.

युद्ध संपल्यावर परवाना परत मिळाला. रोज पाचला रंगूनला हाक, आणि रोज नुसती खरखर. आत्या चहा ठेवायची आणि गार झालेला उचलायची. एका रविवारी मी शेजारी बसले असताना रंगूनकराच्या ठरलेल्या खुणेची अक्षरं आली. आतोबांचा चेहरा उजळला आणि तसाच विझला. "हात त्याचा न्हाई," ते म्हणाले. "दुसरंच कुनी हाय."

हेडफोनचा एक कान मी घेतला. अक्षरं अडखळत होती, नवशिक्याने वाजवावीत तशी. शेवटच्या अक्षराआधी मात्र वाजवणारा जरासा थांबला.

"थांबला!" आतोबांनी माझा हात गच्च धरला. "उंबऱ्याव थांबला! त्योच हाय, पोरी!"

तोच होता. बॉम्बफेकीत उजवा हात गेला, डाव्याने नव्याने शिकलो, हळू वाजतं, माफ करा, असं त्याने कळवलं. आतोबांचे डोळे भरले. खटक्यावर ठेवलेला आपला उजवा हात त्यांनी काढला, खटका उचलून डावीकडे ठेवला आणि डाव्या हाताने उत्तर द्यायला घेतलं. दर शब्दाला चूक. "आतोबा, उजव्याने वाजवा ना!" मी कळवळून म्हटलं. त्यांनी ऐकलं नाही.

त्यानंतर रंगूनशी ते कधीच उजव्याने बोलले नाहीत. सरावासाठी वाटीवरही डावा हात आला, आणि आमटी मागितली की भात येऊ लागला. एवढा अभिमानाचा हात त्यांनी सहज बाजूला ठेवला.

एकदा रंगूनने विचारलंच, "तुमच्या हाताला काय झालं?"

"म्हातारपण," आतोबांनी डाव्या हाताने अडखळत कळवलं. त्यांचा उजवा हात मांडीवर पडलेला होता, आणि त्याची बोटं धोतरावर तोच शब्द आवाज न करता, बिनचूक वाजवत होती.