मंगळाला चुकलेलं यान आणि सुरगाण्याचा रस्ता

सकाळच्या एसटीने नाशिक सोडलं तेव्हा मांडीवर स्लाइड प्रोजेक्टरचा खोका होता. जपानचं पहिलं मंगळयान मंगळाभोवती फिरायला न लागता शेजारून निघून गेलं, ही बातमी नुकतीच आली होती. २००३ चा डिसेंबर. ते यान सुटलं त्या वर्षी, म्हणजे पाच वर्षांपूर्वी, सुरगाण्याकडच्या एका आश्रमशाळेत मी चादरीचा पडदा करून त्यावर व्याख्यान दिलं होतं आणि ‘यान पोचलं की फोटो घेऊन परत येईन’ असं मुलांना सांगितलं होतं. यान पोचलं नाही. तरी मी निघालो, कारण मला जायचं होतं ते वेगळ्याच कामासाठी.

त्या व्याख्यानाला दहावीतली सुमन बसली होती. बाकीच्यांनी मंगळावर माणसं असतात का, असं विचारलं. तिने विचारलं, “सर, एवढ्या जोरात जाणारं यान तिथं थांबवणार कसं?” त्या प्रश्नावर खूश होऊन मी तिला अकरावी-बारावी सायन्ससाठी नाशिकला इंदिरानगरात माझ्या घरी ठेवून घेतलं. ती बारावीला नापास होऊन परत गेली. नंतर मी एका दिवाळी अंकात सुरगाण्याचं प्रवासवर्णन लिहिलं. डोंगर, धुकं, उतारावरची नागली (नाचणी) आणि शेवटी एक परिच्छेद: ही हुशार मुलगी शहराला बिचकली, परीक्षा टाकून पळाली. वाचकांना तोच परिच्छेद सगळ्यात आवडला. तो खोटा होता.

आता आश्रमशाळेच्या मुख्याध्यापकांचा फोन आला होता. सुमनची धाकटी बहीण मंगल दहावी झाली, पण बाप पुढे शिकायला नाशिकला पाठवत नाही. “एकीचं झालं ते पुरे, म्हणतो,” मुख्याध्यापक म्हणाले. त्यानंतर मला घरी बसवेना.

दिंडोरीच्या पुढे दोन्ही बाजूंना द्राक्षाचे मांडव लागले. समोरून मजुरांनी भरलेल्या जिपा येत होत्या. टपावर बोचकी, मागच्या फळीवर उभे पुरुष. सुरगाण्याची, पेठची माणसं या दिवसांत इकडे बागांवर उतरतात. माझ्या जुन्या लेखात या जिपांवर एक ओळही नव्हती.

वणीला उतरून चहा घेतला, भजी खाल्ली. देवीच्या गडावर धुकं होतं. तिथून पुढे जीप. नऊजणांच्या जागेत आम्ही सतराजण.

“बाबा, पाय वर घ्या. खाली कोंबड्या हायेत,” ड्रायव्हर ओरडला.

शेजारच्या बाईने खोक्याला बोट लावलं. “टीव्ही हाय का?”

“नाही. फोटो दाखवायचं मशीन. मंगळाचे.”

“मंगळाला कोण गेलं व्हतं?”

“जपानचं यान. पण चुकलं.”

“मंग फोटू कशाचं काढलं?”

जीप हसली. फोटो खरंच कशाचे नव्हते. जुनी चित्रंच पुन्हा घेऊन निघालो होतो. बोरगावच्या अलीकडे चढावर इंजिनातून वाफ आली. सगळे उतरले, बायकांनी ओढ्यावरून पाणी आणलं. मी खोका सांभाळत रस्त्याकडेला उभा राहिलो.

शाळेत त्या दिवशी वीज नव्हती. प्रोजेक्टर खोक्यातच राहिला. मुलांना तोंडी सांगितलं: पृथ्वीजवळून जाताना एक झडप नीट उघडली नाही, इंधन जास्त खर्च झालं, मग सूर्याभोवती लांबचे फेरे घ्यावे लागले, सूर्यावरच्या वादळाने विजेची यंत्रणा बिघडली, इंधन गोठलं. 

ऑफिसच्या भिंतीवर माझा लेख प्लास्टिकमध्ये घालून लावलेला होता. मुख्याध्यापक अभिमानाने म्हणाले, “दर वर्षी वाचून दाखवतो, सर. मुलींना सांगतो, सुमनसारखं करू नका.” मी तिथे बोलायला हवं होतं. पाणी मागितलं.

सुमनचा बाप काशिनाथ, त्याचं घर शाळेमागच्या टेकाडावर. तो अंगणात दोर वळत होता. सुमन बाळाला घेऊन माहेरी आली होती. मंगल चुलीपाशी होती. मला खाटेवर बसवलं, नागलीची भाकरी आणि खुरासणीची (कारळ्यांची) चटणी दिली. चटणी फार चांगली होती. 

“यानाचं काय झालं, सर?” सुमननेच विचारलं. “थांबलं का तिथं?”

“नाही. वेग कमी करायचं इंजिनच चालेना.”

“मंग आदळलं?”

“आदळू नये म्हणून त्यांनीच ते थोडं बाजूला वळवलं. आता सूर्याभोवती फिरत राहील.”

“आणि लोकांना सांगितलं? आमचं चुकलं म्हणून?”

“लगेच सांगितलं.”

“जपानी लोक बरे हायेत,” ती म्हणाली आणि बाळाला दुसऱ्या खांद्यावर घेतलं.

मग मी बोललो. “काशिनाथभाऊ, सुमन पळाली नव्हती. फिजिक्सची प्रॅक्टिकल परीक्षा होती त्या दिवशी माझ्या मुलीचा साखरपुडा होता. घरात पाहुणे. मी हिला म्हणालो, आजचा दिवस थांब, कॉलेजात मी बोलतो. मी बोललो नाही.”

“एवढंच?” सुमन म्हणाली. “दोन वर्सं कणीक कोण मळत व्हतं, ते ऱ्हायलं की.”

“ते पण खरं आहे,” मी म्हणालो. “आमचं घर हिच्यावर चाललं होतं. अभ्यासाला ही रात्री भांडी झाल्यावर बसायची.”

काशिनाथने हातातला दोर खाली ठेवला. “ही मला तवाच म्हणाली व्हती.”

“मग?”

“तुमचं छापून आलं व्हतं ना, सर. मास्तरांनी वाचून दाखवलं. छापलेलं खोटं हाय, असं कसं म्हनायचं?” हे तो माझ्याकडे बघून बोलला. लेकीकडे त्याने पाहिलं नाही.

मला वाटलं, भरपाईची हीच वेळ. “मंगलला माझ्याकडे पाठवा. खोली रिकामी आहे. माझी बायको गेल्या वर्षी गेली. घरात आता कुणाचं काही करायचं नाही.”

“बाई गेल्या?” सुमनने विचारलं. “वाईट झालं.” मग म्हणाली, “मंग सर, आता भाकऱ्या कोन करतं तुमच्या?”

मंगल फिस्सकन हसली आणि तिने तोंडावर पदर धरला.  तो हिशोब माझ्या मनात नव्हता, असं मला तेव्हाही ठामपणे म्हणता आलं नाही, आजही येत नाही.

“मंगल होस्टेलला ऱ्हाईल,” सुमन बापाला म्हणाली. “सरांच्या घरी नाय.”

“गाव काय म्हणंल? एक पळाली, आता दुसरीला धाडतो?”

“मी गावाला सांगतो,” मी म्हणालो. “मास्तरांनाही सांगतो.”

“तोंडी नको,” काशिनाथ म्हणाला. “छापून आणा. जूनच्या आत आणा, पोरीला मी सोता होस्टेलला सोडीन. नायतर ती द्राक्षावर जाईल.”

परतताना मुख्याध्यापकांना सगळं सांगितलं. ते भिंतीवरच्या लेखापाशी गेले. “पण सर, लेख इतका छान उतरलाय. काढायचा?”

संध्याकाळी नाशिकला उतरलो तेव्हा स्टँडवर द्राक्षमजुरांची कुटुंबं बोचक्यांवर बसून होती. पुष्कळ प्रवास केले, पुष्कळ गावं मी छान लिहून काढली. त्या गावांतल्या माणसांना नंतर माझ्या लिहिण्याचं काय ओझं वाहावं लागलं, ते बघायला मी फक्त या एकाच गावी परत गेलो, आणि तेही फोन आला म्हणून.

लेख लांबला आहे. संपादकांना विनंती आहे की जागा कमी पडली तर वणी गाळा, घाट गाळा, यानाची सगळी हकिकत गाळा. पुढची दोन वाक्यं मात्र ठळक अक्षरांत, जूनच्या आत छापा. सुमन परीक्षा टाकून पळाली नाही. मी तिला घरकामासाठी ठेवून घेतलं आणि नंतर तिच्याबद्दल खोटं लिहिलं.