आजोबांच्या नावाचा रकाना

माझ्या दिवाकरला सोमवारी सकाळी आठ वाजता कारखान्याच्या गेटवर फॉर्म द्यायचा आहे. अप्रेंटिस म्हणून त्याचं नाव लागलंय. सहा वर्षांनी पुन्हा लढाई लागल्यामुळे फॉर्म चार पानांचा आहे आणि त्यात आजोबांच्या नावाचाही रकाना आहे. तिथे त्याने लिहिलं, ‘पी. जी. भोयर’. ते वाचून मला आधी हायसं वाटलं. मग त्याचीच लाज वाटली.

पी. म्हणजे पीराजी, माझे सासरे. मी त्यांना मामाजी म्हणायचे. वर्ध्याकडच्या खेड्यातून पोटासाठी जबलपूरला आले आणि बावीस वर्षं याच कारखान्यात तोफगोळ्यांत बारूद भरत राहिले. त्या सेक्शनमध्ये शिरताना आगपेटी, किल्ली, सगळं दाराशी काढून ठेवावं लागे. घरीही ते तसेच वावरत. पाण्याचा पेलासुद्धा आवाज न करता खाली ठेवायचे.

पासष्टच्या सप्टेंबरात पाकिस्तानशी लढाई लागली. त्याच आठवड्यात नव्या सुरक्षा साहेबाने हजेरीपटावर बोट ठेवलं: पीराजी गणपत. मामाजी त्या दिवशी दुपारीच घरी आले. गेटपास काढून घेतला होता. सोमवारपर्यंत नावाचा खुलासा द्यायचा, नाहीतर नोकरी गेली.

शेजारचे बंडूभाऊ त्याच साहेबाच्या ऑफिसात क्लार्क. त्यांनी आत येऊन आधी दाराची कडी लावली.

“काकाजी, साहेब पूछ रहे थे, ये आदमी कौन है? मी म्हटलं, आपलेच आहेत, घरी गणपती बसवतात. तर म्हणाले, फिर नाम में पीर क्यों?”

“रहीम मिस्त्री वीस वर्सं माह्या बाजूले काम करून राहिला,” मामाजी म्हणाले. “त्यालेबी विचारलं काय?”

बंडूभाऊंनी खाली पाहिलं. “त्याचा पास तर सकाळीच जमा झाला.”

मग ते माझ्याकडे वळले. “ओमतीला कोर्टाजवळ टायपिस्ट बसतात, वहिनी. प्रतिज्ञापत्र करा, पीराजीचं प्रभाकर. एक कागज का काम है.”

मला ते पटलं. माझे मिस्टर रेल्वेत. त्यांच्या नावापुढे वडिलांचं नाव लागतंच, चंद्रशेखर पीराजी. आज बापाला विचारलं, उद्या मुलाला विचारतील. दिवाकर तेव्हा बारा वर्षांचा होता. रात्रभर माझं हेच चालू.

दुसऱ्या दिवशी मी कॉलेजातला जुना शब्दकोश काढला. पीर, फारसी शब्द. मूळ अर्थ म्हातारा, मग वडीलधारा, मग संत. मागची पानं चाळली तर दौलत अरबीतून आलेला, आणि साहेबांचं नाव दौलतराम. मी हे सगळं कागदावर उतरवून मामाजींना वाचून दाखवलं.

“साहेबाच्याच नावावर बोट ठेवून राहिली का तू?” ते हसले. त्या आठवड्यात तेवढंच. “दाखवू नको बाई. त्याचाबी पास जमा होईन.”

शेवटी मी ओमतीला जाऊन प्रतिज्ञापत्र टाइप करून आणलं आणि रविवारी त्यांच्यापुढे ठेवलं.

“मामाजी, सही करा. नाव बदललं म्हणून माणूस बदलत नाही. माझं नाही का बदललं? माहेरची इंदिरा, इथे येऊन हेमलता झाले.”

लग्नात ताटातल्या तांदळात अंगठीने नवं नाव लिहिलं गेलं, तेव्हा हेच मामाजी समोर बसले होते.

“तुले कोनं विचारलं होतं काय?”

कोणीच नव्हतं विचारलं. त्यांनी कागदाची घडी घालून खिशात ठेवली.

सोमवारी दुपारपर्यंत मी दारात उभी होते. सायकलची घंटा वाजली की रस्त्यापर्यंत जाऊन बघायचे. साहेबांसमोर काय झालं ते बंडूभाऊंनी नंतर सांगितलं. मामाजी त्यांच्या हिंदीत म्हणाले, “मेरी माँ के चार बच्चे गए, साहब. पाँचवाँ मैं. माँ ने मुझे पीर की दरगाह पे रखा, बोली, तेरा है, पर मेरे पास रहने दे. मोहर्रम में हरा धागा बाँध के पाँच घर भीख मँगवाई. नाम तो उसका है. मैं कैसे बदलूँ?”

प्रतिज्ञापत्र मामाजींच्या खिशातच राहिलं.

पास परत मिळाला, त्याच नावाने. पण बारूद सेक्शन सुटला. पुढची चार वर्षं त्यांनी मागच्या आवारात लाकडी पेट्यांना झाकणं ठोकली. दोन महिन्यांनी रहीम मिस्त्रीही तिथेच आले. दोघं समोरासमोर बसून खिळे ठोकत.

त्या सोमवारी घरी आल्यावर मामाजींनी सही न केलेला कागद माझ्या हातात दिला. म्हणाले, “इंदिरा, पानी दे.” मागच्या वर्षी गेले, तोवर याच नावाने हाक मारली. या घरात दुसरं कोणी मारत नाही.

काल दिवाकरने विचारलं, “आई, पूरा नाम लिखने से कुछ होगा क्या?” मला माहीत नाही. ब्लॅकआउटसाठी खिडक्यांच्या काचांवर पुन्हा काळे कागद लागलेत आणि फॉर्म तपासणारे साहेब नवे आहेत.

फॉर्मवर खाडाखोड चालत नाही, म्हणून बंडूभाऊंकडून दुसरा आणून घेतला. चारही पानं मी भरून ठेवली आहेत. आजोबांचा रकाना तेवढा त्याच्यासाठी सोडलाय. फॉर्ममध्ये मी लिहिलेलं हे सगळं ठेवते आहे. मराठी वाचायला त्याला वेळ लागतो, पण सोमवारच्या आत वाचून होईल.