पाव इंचाची पोटरी

मालेगाव स्टँडचा चढ सायकलवरून न उतरता चढणारा पोस्टमन एकच, जयराम पगारे. अर्ध्या चढावर तो घंटी वाजवायचा, समोर कुणी असो नसो. वरच्या घरांतल्या बायका त्या घंटीवर स्टोव्ह बारीक करून दाराशी यायच्या. कुणाचं पत्र सासरचं आणि कुणाचं माहेरचं, हे जयरामला पाकिटाच्या वजनावरून कळतं म्हणे. माहेरचं जाड असतं, असं त्याचं मत होतं.

एकोणऐंशीच्या दिवाळीत थैली शुभेच्छापत्रांनी तट्ट फुगलेली, आणि तो चढ उतरताना एक म्हैस आडवी आली. म्हशीला काही झालं नाही. जयरामची डावी नडगी मोडली.

दहा आठवड्यांनी प्लास्टर कापलं तेव्हा आतून निघालेला पाय आपलाच आहे, हे त्याला पटेना. उजवी पोटरी साडेतेरा इंच भरली, डावी साडेअकरा. सरकारी दवाखान्यातल्या तरुण डॉक्टरीणबाईंनी टेप ओढून आकडे केसपेपरवर लिहिले.

"बाई, आत घातलेला पाय हाच होता ना?" जयरामनं विचारलं.

"हाच. दोन महिने झोपून होता, म्हणून बारीक झालाय. आता टाच उचलून दाखवा बरं, एका पायावर."

जयरामनं दात-ओठ आवळले. टाच जमिनीवरून सुटलीच नाही.

ऑफिसात साहेबांनी खुर्ची दिली, चहा मागवला. एवढं आदरातिथ्य बघूनच जयरामला घाम फुटला. "पगारे, मार्च संपेपर्यंत वाट बघतो. नाही जमलं तर तुमचं पत्रवाटपाचं बीट दुसऱ्याला देतो. तुम्ही आत बसा, पत्रांवर शिक्के मारा. सावलीतलं काम आहे." सावलीतल्या कामासाठी लोक वशिले लावतात. जयरामला मात्र कुणी कोंडून घालतंय असं वाटलं. पत्रावर शिक्का मारायचा, पण ते हातात पडल्यावर माणसाचं तोंड कसं होतं ते बघायचं नाही? हे कसलं पोस्टमन असणं!

घरी येऊन त्यानं लगेच बैठका सुरू केल्या. दोन दिवसांत घोटा भोपळ्याएवढा सुजला. डॉक्टरीणबाई चिडल्या.

"बैठका कुणी सांगितल्या? हाड नुकतंच जुळलंय. पायरीच्या कडेवर चवडे टेकून उभे राहा. भार उजव्यावर. डावी टाच हळूहळू खाली सोडा, पोटरी ताणली जाऊ दे. रोज तासभर, मधेमधे थांबून."

"नुसतं ताणून मांस भरतं, बाई?"

"थोडं भरतं. बैठका मारून भरेल तेवढं नाही. आणि आळस दिल्यासारखं दोन मिनिटं केलंत तर काहीच नाही. ताण चांगला हवा आणि वेळ भरपूर हवा." मग त्यांचा राग निवळला. "तिकडे परदेशात कोंबडीच्या एका पंखाला वजन बांधून ठेवलं होतं. ताणून ताणून त्या पंखाचं मांस वाढलं. आता तुम्ही कोंबडी नाही, तेव्हा तेवढी अपेक्षा नको. पण करून बघा."

हे कोंबडीचं जयरामनं घरी सांगायला नको होतं. त्याची बायको गोजरा सायखेड्याची. घरी ब्लाउज शिवायची आणि हसायला लागली की मशीन थांबवायची. त्या दिवशी मशीन बराच वेळ थांबलं.

"पण अहो, तासभर उभं राहायचं कुठं? आपल्या घराला पायरी कुठं हाय?"

पायरी वसाहतीत एकाच ठिकाणी होती, सार्वजनिक नळाच्या ओट्याला. पाणी पहाटे पाच ते सहा यायचं. गोजरा म्हणाली, "मग नळावरच जा की. माझ्या दोन हंड्यांचा नंबरबी धरला जाईल."

नळाच्या रांगेत पुरुष उभा राहत नसे. दुसऱ्या दिवशी ओट्याच्या कडेवर चवडे टेकून, लुंगी गुडघ्यापर्यंत खोचून, खांब धरून उभा असलेला जयराम दिसला आणि सगळी रांग वळून बघायला लागली. मग भागीबाईंनी तोंड उघडलं. रांग त्यांच्या हुकमानं चालायची.

"काय रे जयरामा, पाकिटावर तिकीट कमी पडलं म्हणून परत आलास का?"

"बगळा दिसतोय गं नुसता," मागून कुणीतरी म्हणालं.

"बगळ्याला मासा तरी मिळतो," भागीबाई म्हणाल्या. "याला काय मिळतंय?"

जयराम म्हणाला, "बीट." एवढंच. त्याच्या आवाजात काय होतं कुणास ठाऊक, भागीबाईंनी घागर बाजूला सारली आणि ओट्याच्या कडेची हातभर जागा त्याला रोजच्यासाठी मोकळी करून दिली. तेव्हापासून रांगेत नवी बाई आली की तिला सांगितलं जाई, "तिथं हंडा ठेवू नको, ती बगळ्याची जागा हाय." पाचव्या दिवसापासून बायका पत्रं घेऊन यायला लागल्या. जयराम टाच लोंबती ठेवून कंदिलाच्या उजेडात ती वाचून दाखवायचा. लांबलचक पत्र आलं की ताण आपोआप लांबायचा.

दर रविवारी गोजरा शिवणाची टेप घेऊन पोटरी मोजायची. पहिल्याच रविवारी सव्वाबारा! जयराम उडालाच. मग साडेबारा, मग पुन्हा साडेबारा, सहाव्या आठवड्याला पाऊण इंच कमी तेरा... म्हणजे सव्वाबाराच, असं तिनं आधी म्हटलं आणि पुन्हा मोजून पावणेतेरा ठरवलं. प्रत्येक आकडा त्यानं कॅलेंडरवर पेन्सिलीनं लिहिला. उजव्या पायाला गाठायला अजून पाऊण इंच, की झालं! उजवा पाय नव्यानं मोजायची मात्र कुणाला गरज वाटली नव्हती.

त्याच संध्याकाळी गोजरा भावाकडे सायखेड्याला गेली. रिकाम्या घरात जयरामला वाटलं, आणखी एकदा मोजून बघावं, पावणेतेरा डोळ्यांनी बघायला बरं वाटेल. त्यानं टेप गुंडाळली, ओढली, वाकून आकडा वाचला.

पावणेबारा.

तीनदा मोजलं. पावणेबारा. सहा आठवडे बायकांत बगळा होऊन पाव इंच! दुसऱ्या दिवशी तो नळावर गेला नाही. तिसऱ्या दिवशीही नाही. भागीबाईंनी गोजराचे दोन्ही हंडे भरून दाराशी आणून ठेवले आणि काही न विचारता गेल्या.

गोजरा परतली तेव्हा नवरा भिंतीकडे तोंड करून बसलेला. त्यानं टेप तिच्या पुढ्यात टाकली. "मोज. माझ्यासमोर मोज."

तिनं नेहमीसारखी टेप पोटरीभोवती घेतली. जयरामनं खाली बघितलं. टेपच्या आत तिची दोन बोटं होती.

"ही काय करतात इथं?"

गोजरानं बोटांकडे असं बघितलं, जणू ती शेजारणीची होती. ब्लाउजचं माप घेताना दोन बोटं आत ठेवायची, गिऱ्हाइकाला श्वास घेता आला पाहिजे. पंधरा वर्षांची सवय. "अगंबाई! अहो, पोटरीला श्वास कशाला लागतोय..." आणि तिला हसू फुटलं. मग त्याचं तोंड बघून थांबलं. "माझंच चुकलं. पण पाव इंच तर तुमचंच हाय ना? त्याच्यात माझं बोट नाय."

दवाखान्याची तारीख दुसऱ्या दिवशी होती. जयराम टेप खिशात घालून भांडायच्या तयारीनं गेला, मागोमाग गोजराही. डॉक्टरीणबाईंनी मोजलं, पावणेबारा लिहिलं आणि टेप बाजूला ठेवली.

"पाव इंच भरलंय. चालण्या-फिरण्याचाही त्यात वाटा असेल. आता टाच उचला."

"बाई, ती पहिल्या दिवशी..."

"पहिला दिवस गेला. उचला."

जयरामनं टेबल धरलं. टाच सुटली. त्याचा त्यालाच धक्का बसला. खाली ठेवली, पुन्हा उचलली. गोजरा दाराशी उभी राहून मोठ्यानं मोजत होती. नऊ झाल्या आणि दहाव्याला पाय थरथरला.

"ताकद आधी येते, पगारे, मांस तिच्या मागून रमतगमत येतं," बाई म्हणाल्या. "तुम्ही चुकीची गोष्ट मोजत होतात. आता ताण चालू ठेवा, आणि रोज टाचाही उचला."

मार्चच्या शेवटच्या शनिवारी साहेबांनी थैली दिली आणि स्वतः रिक्षानं मागे आले. जयराम चढाला लागला. अर्ध्यावर डावी पोटरी पेटली. सायकल नागमोडी व्हायला लागली. उतरलो तर शिक्के, एवढंच त्याच्या डोक्यात होतं. त्यानं डावी टाच पेडलवर खाली सोडली, ओट्यावर सोडायचा तशी, आणि चवड्यानं पेडल दाबलं. एकदा. पुन्हा. मग घंटी वाजवली. वरच्या अंगाला दारं उघडायला लागली.

अठ्ठ्याऐंशीत निवृत्त होईपर्यंत बीट त्याचंच राहिलं. डावी पोटरी उजवीपेक्षा कायम जरा बारीकच. वर्षातून एकदा, प्लास्टर कापल्याच्या तारखेला, गोजरा ती मोजायची. आधी दोन्ही हातांची दहा बोटं त्याच्या डोळ्यांपुढे नाचवायची, मग टेप घट्ट ओढायची.