सही उसनी मिळत नाही

सुशीलामावशींच्या घरात शिरायचं तर आधी खिसे रिकामे करावे लागत. दाराशी स्टुलावर पितळेची ताटली ठेवलेली. काडीपेटी, लायटर, बिडीचा कट्टा, जे असेल ते त्यात टाकायचं, मगच आत. जवाहरनगरच्या दारूगोळ्याच्या फॅक्टरीच्या गेटवर तीस वर्षं झडती दिलेली बाई, निवृत्त होऊन कारध्याला घर बांधलं तरी गेट काही सुटलं नाही. लग्नाची पत्रिका द्यायला आलेल्या माणसालाही त्या विचारत, "भाऊ, काडीपेटी हाय का?" माझ्या सलवारीला खिसे नाहीत हे माहीत असूनही मलाही विचारत.

मला त्या 'बीए' म्हणत. आमच्या वस्तीत पहिली बी.ए. मी झाले, माझ्या घरात तर दहावीही पहिली मीच. "ए बीए, इकडं ये, हे वाच." यात कौतुक किती आणि चिमटा किती, हे मला शेवटपर्यंत कळलं नाही. त्या स्वतः दहावी. नवरा काविळीने गेला, अनुकंपावर नोकरी लागली आणि शिकत शिकत त्या तपासणी विभागात पोचल्या. तिथलं त्यांचं एक वाक्य मी शंभरदा ऐकलं असेल : "एक नग खराब निघाला त तोच नग फेकाचा नाही. त्याचे भाऊबहीन कुठी गेले ते पाहाचं. लॉट थांबवाचा."

निवृत्तीनंतर त्या गाडी शिकल्या आणि इलेक्ट्रिक कार घेतली. पांढरी, नवीकोरी. वैनगंगेच्या पुलावरून त्या गेल्या की लोक वळून पाहत. आठ महिने सुखाचे गेले. मग एका दुपारी चार्जिंगला लावलेल्या गाडीखालून करपल्याचा वास आला आणि धूर निघाला. मावशींनी मेन स्विच पाडला, कोरड्या बांबूने वायर ओढून काढली आणि शेजारच्या दोघांना घेऊन गाडी बाजूच्या रिकाम्या प्लॉटवर ढकलली. धूर आपोआप थांबला. घर वाचलं. त्यांनी गाडीच्या दाराच्या मुठीला तारेने एक लाल चिठ्ठी बांधली. फॅक्टरीत थांबवलेल्या मालाला बांधतात तशी. कारण, तारीख, तपासणाऱ्याची सही. सगळं नीट लिहून.

पंधरा दिवसांनी कंपनीचं पत्र आलं. या मॉडेलच्या काही गाड्यांत बॅटरी तापू शकते, तरी ग्राहकांनी आपल्या सोयीनुसार सेवाकेंद्रात येऊन सॉफ्टवेअर बदलून घ्यावं. मी वाचून दाखवलं. मावशी एका शब्दावर अडल्या.

"सोयीनुसार? बापा! पेटाचं ते त्याच्या सोयीनं पेटन ना!"

त्यांची मागणी साधी होती. त्या लॉटच्या सगळ्या गाड्या परत बोलवा, बॅटरीची पेटी उघडून तपासा आणि तोवर घराजवळ चार्ज करू नका असं मोठ्या अक्षरात कळवा. तक्रार मी लिहिली, माझ्या मोबाईल नंबरवर नोंदवली, कारण मावशींचा फोन साधा. दरम्यान त्यांनी एसटीने फिरून त्याच मॉडेलच्या गाड्या शोधायला सुरुवात केली. भंडाऱ्याच्या बाजारात अनोळखी माणसाला थांबवून म्हणायच्या, "भाऊ, काचेखालचा नंबर पाहू द्या जरा." एकाने त्यांना आरटीओची बाई समजून लायसन्स काढून दिलं. पण त्या नंबरांवरून चार गाड्या सापडल्या, त्याच लॉटच्या. गोंदियाच्या एका शिक्षकाच्या गाडीला तसाच वास आला होता. सेवाकेंद्रातला माणूस म्हणाला, गोंदिया आमच्याकडे नाही, तो वेगळा जिल्हा. मावशी म्हणाल्या, "जिल्हा वेगळा झाला, लॉट त एकच हाय ना!"

मग चूक झाली, आणि ती माझी. कंपनीतून एका मुलीचा फोन आला. गोड आवाज. "मॅडमची बॅटरी मोफत बदलून देतोय, मंजुरीसाठी ओटीपी सांगता?" मी आनंदाने सहा आकडे सांगितले. दोन मिनिटांत संदेश : आपल्या संमतीने तक्रार बंद करण्यात आली आहे. उलट फोन केला तर उत्तर मिळालं की तक्रार पुन्हा उघडत नाही, नवीन घटना घडल्यास नवीन नोंदवा. नवीन घटना म्हणजे काय, कोणाचं घर पेटायला हवं?

मावशी ओरडल्या असत्या तर बरं झालं असतं. त्या नुसत्या म्हणाल्या, "बीए, सही कोनाले उसनी देत नाहीत."

मी चिडले. "मावशी, तुमची बॅटरी फुकट बदलून मिळून राहिली. घ्या आन मोकळ्या व्हा! बाकीचे पाहतील आपलं आपलं."

"आन जळलेली पेटी ते घेऊन गेले त मंग दाखवू काय? माह्या तोंडाकडं पाहून मानतीन का ते?"

गाडी न्यायला आलेल्या कंपनीच्या माणसांना त्यांनी चहा पाजून परत पाठवलं. तेव्हा त्यांचा हट्ट मला अडाणीपणा वाटला होता. आज हे लिहिताना लाज वाटते, पण वाटला होता.

आम्ही पाच मालकांची एकत्र तक्रार केली. कंपनीला, मंत्रालयाला, सगळीकडे. उत्तरं येत राहिली, सगळ्यांत तोच 'सोयीनुसार'. दीड वर्ष गेलं. प्लॉटवरच्या गाडीच्या चाकांवर वेल चढला. मग मावशींच्या छातीत दुखू लागलं. नागपूरला न्यायच्या सकाळी त्यांनी मला प्लॉटवर नेलं आणि लाल चिठ्ठी उलटी केली. मागे एक रिकामी ओळ होती, खाली त्यांच्या अक्षरात 'चार्ज हिच्याकडे'. "इथं सही कर. मी रजेवर जाऊन राहिली, चार्ज कोनाकडं हाय ते लिवा लागते."

मी केली, त्यांचं मन राखायला. त्या परत आल्या नाहीत.

महिन्याभराने पुण्याहून त्यांचा मुलगा अविनाशदादा एका गिऱ्हाइकाला घेऊन आला. वेल तोडला, गाडी पुसली. चिठ्ठीला हात घालणार तेवढ्यात मी गिऱ्हाइकाला म्हटलं, "भाऊ, आधी वाचून घ्या." त्याने वाचलं आणि दोन पावलं मागे सरकला. दादा भडकला. "तू कोण थांबवणारी? गाडी माझ्या आईची."

मी चिठ्ठी उलटी केली. त्याने माझी सही वाचली. मग खाली आईचं अक्षर. गिऱ्हाईक निघून गेलं. दादाने तार पुन्हा घट्ट पिळली आणि तो पुण्याला परत गेला. आठवड्याने त्याचं संमतीपत्र टपालाने आलं : गाडी तपासणी होईपर्यंत जागेवरच राहील.

गाडी तिथेच आहे. लॉट अजून रस्त्यावर आहे. गेल्या सोमवारी पुन्हा तोच गोड आवाज. "मॅडम, तुमची एकत्र तक्रार आम्ही सोडवतोय, फक्त एक ओटीपी सांगा."

सहा आकडे समोर होते. मी म्हटलं, "ताई, आमी सही उसनी देत नाही. पेटी उघडून पाहा, मंग फोन करजो."