तिच्या डब्यातलं लसणाचं लोणी

लातूरच्या भाड्याच्या खोलीत मी पहिल्यांदा लसणाचं लोणी केलं, तेव्हा लसूण जळून कडू झाला. मुलीनं एक घास खाल्ला आणि पाणी प्यायली.

ती डॉक्टरकीच्या प्रवेश परीक्षेसाठी तिथल्या एका क्लासला जात होती. घर देगलूरला. बायको तिथल्या दवाखान्यात नर्स, तिला एवढी रजा कोण देणार? मी नुकताच शाळेतून निवृत्त झालो होतो, म्हणून पोरीला सांभाळायला मी आलो. दोन कॉट, एक शेगडी, एक माठ. मेसचं जेवण तिला जात नव्हतं आणि माझी भाकरी तव्यावर टाकायच्या आधीच फाटायची. एके दिवशी ती सहज बोलली, "बाबा, मैत्रिणीच्या डब्यात लसणाचं बटर लावलेला ब्रेड होता. लई भारी लागला."

तिनं आपणहून एखाद्या खाण्याचं नाव काढलं, याचाच मला केवढा आनंद झाला!

बायको आठवड्याला एसटीच्या कंडक्टरजवळ घरच्या लोण्याचा डबा द्यायची. खालच्या मजल्यावर राहणाऱ्या घरमालकीणबाईंनी मला कृती नीट समजावून सांगितली. "गुरुजी, सगळं लोणी नका तापवू. चमचाभर तापवा, त्यात ठेचलेला लसूण टाका, आच बारीक ठेवा. वास सुटला की उतरवा, लाल होऊ देऊ नका. गार झालं की बाकीच्या लोण्यात कालवा."

तसं केलं. वर मीठ, मिरपूड, बारीक चिरलेली कोथिंबीर. फ्रीज नव्हता, म्हणून डबा माठाखालच्या ओल्या वाळूत रोवून ठेवायचो. सकाळी ब्रेड तव्यावर कडक करायचा, गरम असतानाच लोणी लावायचं, दोन-दोन तुकडे एकावर एक ठेवून डबा भरायचा. बोटांचा लसणाचा वास दिवसभर जात नसे आणि तो जाऊ नये असंच मला वाटे.

संध्याकाळी डबा रिकामा यायचा.

"संपलं का, माय?"

"हाव."

"कसं झालं होतं?"

"मस्त, बाबा."

मी बायकोला फोनवर सांगायचो, "तुझी पोरगी माझ्या हातचं खाऊन राहिली." ती हसायची. पोरगी मात्र वाळत चालली होती. मनगटावरचं घड्याळ सैल होऊन कोपराकडे सरकायचं. अभ्यासाचा ताण असेल, असं मी मनाशी ठरवलं आणि लोणी थोडं जास्त लावायला लागलो.

मग एका दुपारी क्लासमधून फोन आला. "गुरुजी, मुलीची कावीळ बरी झाली का? दीड महिना झाला, ती आली नाही."

"कावीळ?"

"तुमच्याच मोबाईलवरून मेसेज आला होता."

मी मोबाईल चाळून बघितला. मेसेज नव्हता, तिनं पुसला असणार. ती नेहमीच्या वेळेला आली, रिकामा डबा मोरीत ठेवला आणि पुस्तक उघडून बसली. मला विचारायचं धाडस झालं नाही. पस्तीस वर्षं मी परक्या पोरांना उभं करून जाब विचारला होता.

दुसऱ्या दिवशी मी रोजच्यासारखाच डबा भरला आणि तिच्या मागोमाग निघालो. ती क्लासच्या गल्लीवरून सरळ पुढे गेली, एसटी स्टँडवर. उदगीर-देगलूरच्या गाड्या लागतात तिथल्या बाकावर बसली. बरोबर डब्याच्या वेळेला तिनं झाकण उघडलं आणि एकेक तुकडा खांबाजवळच्या कुत्र्यांना टाकला. शेवटचा टाकून झाला तेव्हा मी तिच्या शेजारी जाऊन बसलो.

ती दचकली नाही. रिकाम्या डब्याचं झाकण तिनं नीट लावलं.

"आवडत नव्हतं तर सांगायचं ना, माय."

"तुम्ही एवढं मन लावून करायचे. कसं सांगू?"

"आणि क्लास?"

"वाचते तर अक्षरं दिसतात बाबा, पण डोक्यात काही शिरत न्हाई. भूकही लागत न्हाई. रडूही येत न्हाई."

"मग घरी तरी यायचं. गाडी इथूनच सुटते."

"आईला काय सांगू?"

देगलूरची गाडी आली, भरली, निघून गेली. मी तिचा हात धरला होता. तो हात इतका निर्जीव होता की सोडला असता तर बाकावर तसाच पडून राहिला असता.

त्याच आठवड्यात आम्ही खोली सोडली. घरी पोचल्यावर बायकोनं पोरीला आत निजवलं, बाहेर आली आणि मला एकच विचारलं, "तुम्ही होता ना तिथं?" आवाज चढवला नाही.

याला आता दोन वर्षं झाली. महिन्याला नांदेडच्या डॉक्टरांकडे जातो. गोळ्यांनी तिला झोप लागते, एवढाच फरक. परीक्षेचं नाव घरात कुणी काढत नाही. तिच्याबरोबरच्या मुलींचे फोन येत होते, तेही बंद झाले. ती मागच्या खोलीत खिडकीकडे पाठ करून बसते. बोलावलं की येते, वाढलं ते खाते.

आता ताटात काहीही वाढताना मी विचारतो, "हे आवडतं का तुला?" ती मान हलवते. मान कशी हलते हे मी अगदी निरखून बघतो, आणि तरी तिचं हो आहे की नाही, हे मला सांगता येत नाही.